मुलांना तात्पर्य विचारू नका

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील अकरा ते पंधरा वयाच्या काही मुलामुलींना आम्ही एक इंग्रजी कादंबरी वाचावयास दिली. ख्रिस्तोफर पॉल कर्टिस या अमेरिकन कृष्णवर्णीय लेखकाची, १९९५ साली प्रसिद्ध झालेली 'द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम – १९६३' ही ती कादंबरी. वाचून झाल्यावर प्रत्येकाने एका कागदावर मनात येईल ते लिहावे, एवढीच अट घातली होती. ते कागद आमच्या एका ज्येष्ठ धर्मशिक्षकांच्या हाती पडले आणि तेथून वादाला आरंभ झाला.

"फादर, तुमचा वेळ फुकट गेला," ते म्हणाले. "एवढ्या गंभीर विषयावरचे पुस्तक, आणि ह्या पोरांनी लिहिले आहे काय, तर मोटारीच्या आरशाला ओठ चिकटले त्याची गंमत! नागरी हक्कांविषयी अक्षर नाही. मानवतेविषयी अक्षर नाही. आधी दहा प्रश्न काढून दिले असते तर निदान तात्पर्य तरी हाती आले असते."

पाठोपाठ एका पालकांचा निरोप आला. प्रार्थनामंदिरात बॉम्बस्फोट होऊन लहान मुली मरतात असले पुस्तक धर्मगुरूंनीच मुलांच्या हाती द्यावे, ह्याचे त्यांना नवल वाटले होते. तिसरा आक्षेप आमच्याच एका तरुण सहकाऱ्याचा. अमेरिकेतल्या साठ वर्षांपूर्वीच्या भांडणाशी आपल्या मुलांचे नाते काय, असे त्याने विचारले. ह्या तिन्ही आक्षेपांना उत्तर देणे आम्हास अगत्याचे वाटते. कारण त्यांच्या बुडाशी एकच समजूत आहे. मूल पुस्तक वाचते ते मोठ्यांना हवे असलेले उत्तर शोधण्यासाठी, अशी ती समजूत. आमच्या मते ती चुकीची आहे. एवढेच नव्हे, तर मुलांनी विचारलेल्या खऱ्या प्रश्नापासून पळ काढण्याची ती आम्हा मोठ्यांची सोय आहे.

प्रथम कादंबरीविषयी. मिशिगन राज्यातील फ्लिंट ह्या कारखान्यांच्या शहरात वॉटसन नावाचे कुटुंब राहते. आई, वडील, तेरा वर्षांचा व्रात्य बायरन, दहा वर्षांचा केनी आणि त्यांची धाकटी बहीण जोएटा. कथा सांगतो तो केनी. हाडे गोठविणाऱ्या थंडीत बायरन मोटारीच्या आरशातील स्वतःच्याच प्रतिबिंबाचे चुंबन घेतो आणि त्याचे ओठ त्या थंडगार काचेला चिकटून बसतात. पुढे तो आईवडिलांच्या परवानगीशिवाय केस सरळ करून घेतो, तेव्हा वडील त्याचे डोके सरसकट भादरतात. घरात काड्या पेटवीत बसतो, तेव्हा आई हातात काडी घेऊन त्याचेच बोट भाजावयास निघते आणि चिमुकली जोएटा फुंका मारून, थुंकी उडवून भावाला वाचवू पाहते. शेवटी ह्या पोराला शिस्त लागावी म्हणून त्याला दक्षिणेकडे, अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी, आजीच्या करड्या हाताखाली ठेवावयाचे ठरते व सारे कुटुंब आपल्या जुन्या प्लिमथ मोटारीतून निघते. पंधरा प्रकरणांची ही कादंबरी. त्यांपैकी चौदाव्यात बॉम्ब फुटतो. तोवर घर, भांडणे, मार, माया आणि हशा.

आता ज्येष्ठ धर्मशिक्षकांचा आक्षेप घेऊ. मुले हसली, हे खरे. पण ज्या लेखकाने तेरा प्रकरणे मुलांना हसविण्यात घालविली, त्याने ती चुकून घालविली काय? नागरी हक्क म्हणजे काय, हे वकिलाला विचारले तर तो मतदान, शाळाप्रवेश, बसमधील आसन अशी यादी देईल. ती यादी खरी आहे आणि तिच्यासाठी माणसांनी प्राण दिले आहेत. परंतु त्या हक्कांनी जपावयाचे होते ते काय? तर रविवारी सकाळी लेकीला नवे बूट घालून प्रार्थनेला पाठवावे आणि दुपारी ती जेवायला घरी यावी, इतके साधे आयुष्य. थोरला वाया जातो की काय ही चिंता वाहणारे, एकाच पांघरुणाखाली दाटीवाटीने बसून थंडी काढणारे, एकमेकांची थट्टा करणारे हे घर वाचकाला आपले वाटले नाही, तर स्फोटात काय उद्ध्वस्त होऊ घातले होते हे त्याला कसे कळणार? आमची मुले हसली, म्हणजे ती त्या घरात जाऊन बसली. मोठी माणसे मात्र ओसरीवर उभी राहून आत नागरी हक्क दिसतात का, ते शोधीत होती.

एका मुलीच्या कागदाचे उदाहरण देतो. तिला केनीच्या आईची वही फार आवडली. प्रवासाला निघण्यापूर्वी ही बाई वहीत सारे टिपून ठेवते: कोठे थांबायचे, कोठे जेवायचे, रात्र कोठे काढायची. 'माझी आईपण अशीच याद्या करते, पण ह्या आईला एवढी भीती कसली?' असे तिने लिहिले होते. धर्मशिक्षकांना ह्यात विषयांतर दिसले. आम्हास ह्या एका ओळीत सारा इतिहास दिसला. त्या काळी कृष्णवर्णीय कुटुंबाला अमेरिकेतील रस्त्यावर वाटेल त्या खाणावळीत शिरता येत नसे, वाटेल त्या लॉजमध्ये पाठ टेकता येत नसे. आपणास कोठे आसरा मिळेल हे सांगणारी खास मार्गदर्शक पुस्तिका न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन ह्या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून काढली होती, आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा होईपर्यंत लोकांना तिची गरज भासत राहिली. वॉटसन बाईची वही त्याच भीतीतून जन्मली आहे. लेखकाने ती भीती व्याख्यान देऊन सांगितली नाही; आईच्या नीटनेटकेपणाच्या विनोदात ठेवली. आणि बारा वर्षांच्या मुलीने तेथे बोट ठेवले. दहा प्रश्नांच्या कागदाला हे साधले असते काय?

ही कादंबरी घडली तीही एका बालवाचकाच्या प्रतिसादामुळे, हे येथे सांगितले पाहिजे. कर्टिस हे फ्लिंटचेच. मोटारींच्या कारखान्यात तेरा वर्षे त्यांनी जुळणीच्या साखळीवर गाड्यांना दारे बसविण्याचे काम केले. त्यांच्या कल्पनेतील हे कुटुंब आधी फ्लोरिडाला जावयाचे होते, आणि तेथे पोहोचल्यावर कथा पुढे सरकेना. अशात त्यांच्या मुलाने शाळेतून एक कविता घरी आणली: डडली रँडल ह्यांची, बर्मिंगहॅममधील स्फोटावरची. मोर्चात जाऊ नकोस, चर्चमध्ये जा, तेथे तू सुखरूप राहशील, असे लेकीला सांगणाऱ्या आईची ती कविता. ती ऐकली आणि लेखकाला आपले कुटुंब कोठे जात आहे ते उमगले. मुलाने कविता घरी आणून बापाला ऐकविली, तिचे तात्पर्य सांगितले नाही. तेवढ्याने एक पुस्तक उभे राहिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो घेणाऱ्या पालकांविषयी आम्हास आदर आहे. आपल्या लेकराच्या झोपेत दुःस्वप्न येऊ नये असे कोणत्या बापाला वाटत नाही? पण घटना काय आहे ती पाहावी. रविवार, १५ सप्टेंबर १९६३. बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्या दिवशी युवकांचा रविवार होता. सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी पायऱ्यांखाली ठेवलेल्या डायनामाइटचा स्फोट झाला. तळघरात उपासनेची तयारी करीत असलेल्या चार मुली ठार झाल्या. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन ह्या चौदा वर्षांच्या. डेनिस मॅकनेअर अकरा वर्षांची. ॲडीची धाकटी बहीण सारा हिचा उजवा डोळा गेला. त्याच दिवशी त्याच शहरात जॉनी रॉबिन्सन हा सोळा वर्षांचा व व्हर्जिल वेअर हा तेरा वर्षांचा, असे दोन कृष्णवर्णीय मुलगे गोळ्यांना बळी पडले. त्या वर्षीच्या मे महिन्यात ह्याच चर्चमधून हजाराहून अधिक शाळकरी मुले मोर्चे काढीत निघाली होती. त्यांच्यावर पाण्याचे बंब सोडले गेले, पोलिसांची कुत्री सोडली गेली, शेकडोंना तुरुंगात डांबले गेले.

म्हणजे इतिहासाने मुलांचे वय पाहिले नाही. मग त्याच वयाच्या मुलांनी तो वाचू नये, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? प्रश्न एवढाच उरतो की वाचताना त्यांचा हात कोणी धरावा. कर्टिस ह्यांनी तो धरला आहे. केनी धुराने भरलेल्या चर्चमध्ये शिरतो, त्याला एक बूट दिसतो, आणि आपली बहीण गेली असे त्याच्या मनात बसते. ती वाचलेली असते. आतल्या उकाड्याने जीव घाबरा होऊन ती बाहेर आलेली असते. परंतु फ्लिंटला परतल्यावर हा मुलगा दिवसचे दिवस सोफ्याच्या मागच्या फटीत लपून बसतो. घरातील आजारी कुत्रीमांजरे जेथे जाऊन बरी होतात, तीच ती जागा. त्याला तेथून बाहेर काढतो तो व्रात्य बायरन. आईने केले नाही, बापाला जमले नाही. ज्या भावाने आजवर त्याला छळले तोच त्याच्याजवळ झोपतो, त्याला बोलते करतो, रडू देतो. आमच्या वाचकांपैकी एका मुलाने, जो वर्गात कधी तोंड उघडत नाही, एवढेच लिहिले होते: 'माझा दादा पण असाच आहे.' पालकांना आम्ही नम्रपणे विचारतो: ह्या वाक्यात दुःस्वप्न आहे काय?

आता त्या कागदाकडे येतो, ज्याच्यामुळे हा लेख लिहिणे आम्हास भाग पडले. एका तेरा वर्षांच्या मुलीने बाकी काही न लिहिता एक प्रश्न लिहिला होता. 'ज्यांनी बॉम्ब ठेवला ते रविवारी कोणत्या चर्चमध्ये जात होते?'

आम्ही तिला बोलावून घेतले आणि, कबूल करावयास हवे, सेमिनरीत शिकलेले उत्तर दिले. दुरित म्हणजे स्वतंत्र अशी वस्तू नव्हे, सत्‌चा अभाव आहे, असे संत ऑगस्टीन सांगतात. मनुष्य स्वतंत्र इच्छेचा दुरुपयोग करतो, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाली, "पण फादर, बॉम्ब तर होता ना?" मग आम्ही म्हणालो, ते खरे ख्रिस्ती नव्हतेच. ती काही बोलली नाही. आपण खोटे बोललो हे आम्हाला तिच्या गप्प राहण्यावरून कळले.

कारण आम्हास इतिहास ठाऊक होता. स्फोट घडविणारे कू क्लक्स क्लॅन ह्या संघटनेचे होते. ही संघटना स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत असे. पेटविलेला क्रूस ही तिची खूण. तिचे वैर केवळ कृष्णवर्णीयांशी नव्हते, ज्यूंशी होते आणि आम्हा कॅथॉलिकांशीही होते. ह्याच बर्मिंगहॅम शहरात ११ ऑगस्ट १९२१ रोजी फादर जेम्स कॉइल ह्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना त्यांच्या निवासाच्या ओसरीवर गोळ्या घालून मारण्यात आले. मारणारा एक मेथडिस्ट पाळक होता व क्लॅनचा सदस्य होता. त्याच्या कॅथॉलिक झालेल्या मुलीचा पोर्टो रिकोच्या एका कॅथॉलिक माणसाशी विवाह फादरांनी लावून दिला होता, हा त्यांचा अपराध. न्यायालयाने मारेकऱ्याला निर्दोष सोडले. तेव्हा द्वेषाची गोळी कशी लागते, हे त्या शहरातील कॅथॉलिकांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

आणि तरीही, १९६३ च्या गुड फ्रायडेला, १२ एप्रिल रोजी, बर्मिंगहॅमच्या ज्या आठ गोऱ्या धर्मनेत्यांनी पत्रक काढून निदर्शने अवेळी व अविचारी ठरविली, लोकांना धीर धरा म्हणून सांगितले, त्यांत कॅथॉलिक सहायक बिशप जोसेफ ड्युरिक ह्यांची सही होती. ते दुष्ट नव्हते. त्या काळाच्या मानाने आठही जण नेमस्त, सभ्य, सुशिक्षित. त्यांना शांतता हवी होती. त्याच दिवशी अटक झालेल्या मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी तुरुंगातून त्यांना जे पत्र लिहिले, ते १६ एप्रिलचे पत्र आज जगप्रसिद्ध आहे. त्याचा रोख बॉम्ब ठेवणाऱ्यांवर नाही. 'अजून वेळ आली नाही' असे म्हणणाऱ्या सज्जनांवर आहे. पाच महिन्यांनी स्फोट झाला. मुलींच्या अंत्यविधीत किंगनी पुन्हा तेच सांगितले: रंगीत काचांच्या सुरक्षित आडोशाला गप्प राहिलेल्या प्रत्येक धर्मोपदेशकाला ह्या मुलींना काही सांगावयाचे आहे. त्या चर्चच्या रंगीत खिडकीतील ख्रिस्ताचा चेहरा तेवढा स्फोटाने उडून गेला होता.

न्यायालाही अशीच सावकाश जाग आली. संशयितांची नावे तपास यंत्रणेला काही वर्षांतच कळली होती. पण १९६८ मध्ये एकावरही खटला न भरता तपास गुंडाळण्यात आला. पहिली शिक्षा १९७७ साली झाली, दुसरी २००१ मध्ये, तिसरी २००२ मध्ये. चौथा संशयित १९९४ साली मरून गेला, त्याच्यावर कधी आरोपही ठेवला गेला नाही. धीर धरा म्हणणाऱ्यांच्या बोलाप्रमाणे चार मातापित्यांनी किती धीर धरला, त्याचा हा हिशेब.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे: ते तुझ्यामाझ्यासारख्याच ख्रिस्ताचे नाव घेत होते, आणि जे त्यांच्यासारखे नव्हते, त्यांच्यापैकी पुष्कळजण गप्प होते, आणि गप्प राहणाऱ्यांत आपल्या ख्रिस्तसभेचा एक बिशप होता. हे उत्तर देताना आमची जीभ अडखळली, म्हणून आम्ही ऑगस्टीनच्या आड लपलो. तात्पर्याचा आग्रह आम्हा मोठ्यांना इतका प्रिय का, ते ह्यावरून ध्यानात यावे. 'सर्व मानव समान आहेत' असे मुलाने लिहून दिले की विषय संपतो. प्रश्न मात्र संपत नाही. तो आपल्या अंगावर येतो.

ड्युरिक ह्यांची कथा तेथे संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. ते पत्र त्यांना बोचले असावे. पुढे नॅशविलचे बिशप झाल्यावर ते नागरी हक्कांचे उघड पुरस्कर्ते बनले, आपल्याच लोकांचा रोष त्यांनी पत्करला, आणि १९७५ मध्ये पद सोडून तुरुंगातील बंद्यांच्या सेवेत ते रमले. बिशपाला उमजू शकते, तर धर्मशिक्षकाला व आमच्यासारख्या साध्या धर्मगुरूलाही उमजावयास हरकत नाही.

तिसऱ्या आक्षेपाला फार शब्द नकोत. अमेरिकेच्या भांडणाशी आपले नाते काय, असे विचारणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने १८७३ सालचे 'गुलामगिरी' हे पुस्तक उघडून पाहावे. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी ते पुण्यात लिहिले आणि अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. ज्या गृहस्थाने अमेरिका पाहिली नव्हती, त्याला दीडशे वर्षांपूर्वी हे नाते दिसले. किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात उतरले. आणि केरळातील एका शाळेत मुख्याध्यापकांनी आपली ओळख 'अमेरिकेतील अस्पृश्य' अशी करून दिली, आधी आपल्याला धक्का बसला, मग ते खरेच आहे हे पटले, असे त्यांनी १९६५ च्या एका प्रवचनात स्वतः सांगितले. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली ती अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून नाव घेऊन. आणि आपल्या घरचे म्हणाल, तर बाप्तिस्म्याच्या पाण्याने जातीची उतरंड वाहून गेलेली नाही, ही गोष्ट भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने २०१६ च्या दलित सक्षमीकरणाच्या धोरणात स्वतःच मान्य केली आहे. लग्नाच्या बोलणीत आडनाव आधी विचारणारे आपणच आहोत. नाते नाही कसे?

शुभवर्तमानात लोक मुलांना प्रभूकडे आणू लागले तेव्हा शिष्यांनी त्यांना दटावले, असे आपण दरवर्षी वाचतो. शिष्य वाईट नव्हते; मुलांना येथे काय कळणार, एवढेच त्यांना वाटले. प्रभू रागावले ते शिष्यांवर, हे आपण विसरतो.

वाचकहो, आमची मागणी अल्प आहे. आपल्या धर्मग्रामांतील वाचनालयात असली पुस्तके ठेवा. वक्तृत्वाच्या स्पर्धा, तात्पर्याचे निबंध, दहा प्रश्नांचे कागद काही काळ बाजूला असू द्या. मुले हसली तर हसू द्या. त्यांना आरशाची गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटली तर पुन्हा ऐका. आणि त्यांच्यापैकी एखादीने तसा प्रश्न विचारला, तर ठरीव उत्तराच्या आड लपू नका. त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी मिस्सानंतर थांबवून घेतले आणि फादर कॉइल, ती सही, ते पत्र, सारे सांगितले. ऐकून झाल्यावर तिने विचारले, "मग आपल्या चर्चमध्ये कोण गप्प आहे?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही. देणे लागतो, एवढे येथे लिहून ठेवतो.